चांगुलपणाचा तक्ता उतरवा, वर्गसभा परत द्या

प्रति,
शाळेचे व्यवस्थापन मंडळ आणि मुख्याध्यापक,
तसेच अशीच योजना राबवणाऱ्या सर्व शाळांचे पदाधिकारी

स. न. वि. वि.

या वर्षापासून प्रत्येक वर्गात ‘चांगुलपणाचा तक्ता’ लावायचा, त्यासाठी वेळ काढायला आठवड्याची वर्गसभा बंद करायची आणि मधली सुट्टीही कमी करायची, असा निर्णय आपण घेतलात. वर्गशिक्षकांना त्याबद्दल कुणी विचारलं नाही. मी आधी तोंडी बोलले, मग लेखी दिलं. ‘बऱ्याच शाळांत हेच चालतं, पालक खूश आहेत, चालू द्या’ एवढंच उत्तर आलं. बऱ्याच शाळांत हेच चालतं, हे खरं आहे. म्हणूनच हे पत्र बंद पाकिटात न देता सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. ज्या पालकांच्या नावावर ही योजना चालली आहे, त्यांनीही ते वाचावं.

योजना ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वर्गाच्या भिंतीवर सगळ्या मुलांच्या नावांचा एक तक्ता असतो. कुणाला मदत केली, वस्तू वाटून घेतली, खरं बोललं, की नावापुढे एक स्टार. भांडण केलं, खोटं बोललं, रांगेत गडबड केली, की एक स्टार वजा. महिनाअखेरीस ज्याचे स्टार सगळ्यांत जास्त, त्याला परिपाठात सगळ्यांसमोर बिल्ला. वर्ष संपताना हे स्टार प्रगतिपुस्तकात जाणार. वर्गसभेच्या तासाला आता बाहेरून वक्ते येतात आणि दया, प्रामाणिकपणा, परोपकार यांवर बोलतात.

मी तिसरीची वर्गशिक्षिका आहे. या वयातली मुलं दिवसभर न्याय-अन्यायाच्याच गोष्टी बोलत असतात. कुणाची पाळी होती, कुणी आधी ढकललं, कुणाला मुद्दाम वगळलं, हे त्यांच्या आयुष्यातले सगळ्यांत मोठे प्रश्न असतात आणि ते सोडवता सोडवताच त्यांची सदसद्विवेकबुद्धी घडते. ते घडताना इतक्या जवळून पाहायला मिळतं म्हणून मी वरचे वर्ग कधी मागितले नाहीत. माझी मुलगीही याच शाळेत पहिलीत आहे. तक्ता तिच्या वर्गातही आहे. त्यामुळे शिक्षक म्हणून आणि आई म्हणूनही मला गप्प बसता येत नाही.

पहिली हरकत सगळ्यांत मोठी आहे. आपण मदतीला मोबदला लावला.

परवाचीच गोष्ट घ्या. एका मुलाचा धक्का लागून शेजारणीच्या वहीवर बाटलीभर पाणी सांडलं. तीन मुलं फडकी घेऊन धावली. बाक पुसलं, फरशी पुसली आणि तिघंही ओल्या हातांनी थेट माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. ‘बाई, मी आधी उठलो.’ ‘बाई, फडकं मी शोधलं.’ जिची वही भिजली होती ती चिकटलेली पानं एकेक करून सोडवत होती. तिने काढलेल्या चित्रातला स्केचपेनचा निळा रंग शेजारच्या पानावर उतरत होता. तिघांपैकी एकानेही तिच्याकडे वळून पाहिलं नाही. ही मुलं वाईट नाहीत. गेल्या वर्षी मैदानात कुणी पडलं तर हीच मुलं हातातला खेळ टाकून धावायची, पडलेल्याला उठवायची आणि कुणाला काही न सांगता परत खेळायला जायची.

हा माझ्या एकटीचा अनुभव म्हणून बाजूला सारू नका, कारण या विषयावर अभ्यास झालेले आहेत. फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दीड वर्षाच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. अनोळखी मोठ्या माणसाच्या हातून कपडे वाळत घालायचा चिमटा पडतो आणि तो त्याला उचलता येत नाही, किंवा दोन्ही हात भरलेले असल्यामुळे कपाटाचं दार उघडता येत नाही. २४ पैकी २२ मुलांनी कधी ना कधी मदत केली. मदत मागितली नव्हती, बक्षीस नव्हतं, शाबासकीही नव्हती. पुढे २००८ मध्ये त्याच दोघांनी वीस महिन्यांच्या मुलांचे गट केले. काहींना प्रत्येक मदतीनंतर खेळण्याची वस्तू दिली, काहींचं नुसतं कौतुक केलं, काहींना काहीच दिलं नाही. नंतर बक्षीस बंद केल्यावर ज्यांना वस्तू मिळत होती ती मुलं इतरांपेक्षा कमी मदत करू लागली. कौतुकाने मात्र तसं झालं नाही. म्हणून ‘मग मुलांना शाबासकीही द्यायची नाही का?’ हा प्रश्न कृपया विचारू नका. शाबासकी द्यावी. तिचा हिशोब भिंतीवर ठेवू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

आपल्या बिल्ल्याबद्दल तर त्याहून जुना पुरावा आहे. मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये चित्र काढायची मनापासून आवड असलेली तीन ते पाच वर्षांची मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर सोनेरी स्टार आणि रिबीन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काही दिवसांनी वर्गात रंग मोकळे ठेवले, तेव्हा प्रमाणपत्राच्या अटीवर चित्रं काढलेली मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ रंगांपाशी रमली. ज्यांना न सांगता अचानक प्रमाणपत्र मिळालं होतं, त्यांची आवड कमी झाली नव्हती. बिघाड झाला तो आधी ठरवलेल्या सौद्याने. आपली योजना नेमकी तशाच सौद्याची आहे, आणि तीही चित्रकलेसाठी नव्हे, दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहण्यासाठी.

आणखी एक प्रयोग मी व्यवस्थापनाला मुद्दाम सांगू इच्छिते. रॉबर्ट हेपाख, अमृषा वैश आणि टोमासेलो यांनी २०१२ मध्ये दोन वर्षांच्या मुलांच्या डोळ्यांतल्या बाहुल्यांचा आकार मोजला. समोर कुणी अडचणीत असलं की मनावर ताण येतो आणि बाहुल्या मोठ्या होतात. मुलाने स्वतः मदत केली तरी, किंवा त्याच्या देखत दुसऱ्या कुणी केली तरी, बाहुल्या सारख्याच लहान झाल्या. कुणीच मदत केली नाही तेव्हा मात्र त्या मोठ्याच राहिल्या. म्हणजे त्या वयाच्या मुलाला हवं असतं ते समोरच्याचं काम होणं. ते आपल्याच हातून व्हावं, श्रेय आपल्याला मिळावं, ही ओढ तिथे दिसत नाही. आपला तक्ता मात्र पहिल्या दिवसापासून श्रेय कुणाचं, हेच विचारतो.

दुसरी हरकत वजा होणाऱ्या स्टारबद्दल. तक्त्याला हेतू दिसत नाही. बालमानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी १९३२ च्या त्यांच्या पुस्तकात मुलांना सांगितलेली एक गोष्ट आहे. एका मुलाने जेवायला येताना दार उघडलं. दारामागे कप ठेवलेले होते हे त्याला ठाऊक नव्हतं आणि पंधरा कप फुटले. दुसरा आई घरात नसताना कपाटातून चोरून जॅम काढायला गेला आणि त्याच्या हातून एक कप फुटला. जास्त खोडकर कोण? लहान मुलं बरेचदा म्हणत, पंधरा फोडणारा. नऊ-दहा वर्षांची मुलं बहुधा हेतू पाहत. पुढच्या अभ्यासांनी दाखवलं, की हेतू चित्रांतून स्पष्ट करून दाखवला तर तीन वर्षांची मुलंही तो लक्षात घेतात. मुलं फुटलेल्या कपांच्या संख्येकडून मनातल्या हेतूकडे चालत असतात, आणि आपण त्यांना परत संख्येकडे ओढतो. पाणी सांडणाऱ्या त्या मुलाचा स्टार नियमाप्रमाणे वजा व्हायला हवा होता. मी तो केला नाही, आणि यापुढेही करणार नाही.

त्याच यादीत ‘रांगेत बोलणे’ आणि ‘दुसऱ्याला मारणे’ या दोन्हींना एकच शिक्षा आहे. इलियट ट्युरिअल आणि त्यांच्यासोबत ज्युडिथ स्मेटाना यांनी बालवाडीच्या वयातल्या मुलांना विचारलं होतं, की असा नियमच नसता तर हे करणं चाललं असतं का? जागच्या जागी न बसणं, वस्तू जागेवर न ठेवणं, अशा गोष्टी नियम नसेल तर चालतील, असं मुलं म्हणाली. पण दुसऱ्याला मारणं नियम नसला तरी वाईटच, कारण त्याला लागतं. शिस्त आणि नीती यांतला हा फरक तीन-चार वर्षांच्या मुलाला कळतो. आमच्या भिंतीवरच्या तक्त्यात तो पुसून टाकला आहे, आणि मुलांनी आता त्या तक्त्याकडून नीती शिकावी अशी अपेक्षा आहे.

चूक झाल्यावर मुलाला काय सांगायचं, याचंही उत्तर बऱ्यापैकी ठाऊक आहे. मार्टिन हॉफमन यांनी आयुष्यभर याच प्रश्नाचा अभ्यास केला. धाक दाखवून किंवा माया आखडून घेऊन जे होत नाही, ते ‘बघ, तुझ्यामुळे तिचं काय झालं’ हे नीट समजावून सांगितल्याने होतं. मुलाला समोरच्याच्या जागी उभं करावं लागतं. सॅम्युएल आणि पर्ल ऑलिनर यांनी नाझी राजवटीत ज्यूंना जीव धोक्यात घालून आसरा देणाऱ्या चारशेहून अधिक माणसांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं होतं. तो अभ्यास १९८८ मध्ये आला. मदत न केलेल्या माणसांच्या तुलनेत या माणसांच्या आठवणींतले आईवडील मारझोड कमी करणारे आणि कारणं समजावून सांगणारे होते. एक स्टार खोडायला दोन सेकंद लागतात. समजावून सांगायला पाच-दहा मिनिटं लागतात, मुलाशेजारी बसावं लागतं, कधी कधी तो रडतो आणि थांबावंही लागतं. तो वेळ शिक्षकाकडे असला पाहिजे.

आता वर्गसभेविषयी. ती बंद झाल्याचं मला तक्त्यापेक्षाही जास्त वाईट वाटतं, कारण तक्ता उद्या उतरवता येईल, पण वर्गसभेची सवय एकदा मोडली की नव्याने घडवायला एक अख्खं वर्ष जातं.

ती ‘वेळखाऊ’ आहे असं आपल्या परिपत्रकात म्हटलं आहे. तिथे काय चालायचं ते सांगते. वर्गाच्या पेटीत गोष्टीची पुस्तकं आहेत, आणि नियम असा होता की एक पुस्तक एका मुलाकडे दोन दिवस. एका मुलीचं वाचन सावकाश आहे. तिचं पुस्तक प्रत्येक वेळी अर्ध्यावर परत जायचं. तिने स्वतः तक्रार केली नाही. तिच्या मैत्रिणीने सभेत विषय काढला. एक मुलगा ताडकन म्हणाला, ‘सगळ्यांना दोन दिवस म्हणजे दोन दिवस. तिला जास्त दिले तर तो अन्याय.’ दुसरा म्हणाला, ‘पण आपण पुस्तक संपवून देतो आणि ती अर्धं देते. मग सारखं कुठे झालं?’ वर्ग शांत झाला. मग कुणीतरी विचारलं, की उद्या सगळेच म्हणाले मी हळू वाचतो, तर? त्यावर बराच वाद झाला. शेवटी असं ठरलं, की पुस्तक संपेपर्यंत ठेवायचं, पण रोज वाचलंच पाहिजे, आणि वाचलेलं दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला सांगायचं. जो मुलगा अन्याय म्हणत होता त्यानेच ‘शेजाऱ्याला सांगायचं’ हे कलम सुचवलं. मी त्या सगळ्या वेळात फळ्यावर त्यांचे मुद्दे लिहिण्यापलीकडे काही केलं नाही.

विल्यम डेमन यांनी १९७७ मध्ये मुलांच्या वाटणीबद्दलच्या विचारांची जी वाट दाखवली, ती त्या तासाभरात माझ्या डोळ्यांसमोर उलगडली. आधी ‘मला हवं म्हणून माझं’, मग ‘सगळ्यांना सारखं’, मग ‘ज्याने काम केलं त्याला जास्त’, आणि मग ‘ज्याला गरज आहे त्याचाही विचार’. या वाटेवर मूल पुढे सरकतं ते त्याच्या विचाराला कुणीतरी बरोबरीच्या नात्याने अडवतं तेव्हा. पियाजे यांना हे मुलांच्या गोट्यांच्या खेळात दिसलं होतं. मोठ्यांचा शब्द म्हणून नियम पाळणारं मूल, मित्रांशी वाटाघाटी करता करता, नियम आपण मिळून ठरवतो आणि म्हणून पाळतो, या समजापर्यंत येतं. अॅन क्रूगर यांनी १९९२ मध्ये आठ-साडेआठ वर्षांच्या मुलींना नैतिक पेच देऊन काहींना आईशी आणि काहींना मैत्रिणीशी चर्चा करायला लावली. मैत्रिणीशी बोललेल्या मुलींचा विचार जास्त पुढे गेला. यात आयांचा दोष नाही. आईशी वाद घालताना मूल लवकर मान डोलावतं. मैत्रिणीला ते ‘पण का?’ असं विचारतं.

लॉरेन्स कोलबर्ग यांचं नाव आपल्यापैकी बी.एड. झालेल्या प्रत्येकाने घोकलं आहे. माणसाचा नैतिक विचार कसा वाढत जातो, याचे त्यांनी सांगितलेले तीन स्तर आणि सहा टप्पे परीक्षेत लिहून आपण गुण मिळवले. मरणाच्या दारातल्या बायकोसाठी औषध चोरावं की नाही, या त्यांच्या प्रसिद्ध पेचात ते ‘हो’ की ‘नाही’ हे पाहतच नव्हते. मुलगा कारण काय देतो हे पाहत होते. कॅरॉल गिलिगन यांनी १९८२ मध्ये त्यांच्यावर रास्त टीका केली, की न्यायाच्या तराजूत नात्यांतली काळजी मोजली जात नाही. पण याच कोलबर्ग यांच्या विचारावर १९७४ मध्ये अमेरिकेतल्या केंब्रिज शहरात एक शाळा उभी राहिली, जिथे विद्यार्थी आणि शिक्षक एकत्र बसून शाळेचे नियम ठरवत आणि प्रत्येकाला एकच मत असे, हे आपण परीक्षेनंतर विसरून गेलो. आमची वर्गसभा त्याचीच छोटी आवृत्ती होती.

तिच्या जागी आपण व्याख्यानं आणलीत. वक्ते चांगली माणसं आहेत, तळमळीने बोलतात, आणि मुलं हाताची घडी घालून ऐकतात. पण ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे यांनी १९२८ ते १९३० या काळात हजारो शाळकरी मुलांवरचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात मुलांच्या फसवण्या-न फसवण्याचा नीतिपाठ ऐकण्याशी फारसा संबंध आढळला नव्हता. प्रसंग कसा आहे आणि आजूबाजूची मुलं काय करतात, याचा जास्त होता. जेम्स ब्रायन आणि नॅन्सी वॉलबेक यांनी १९७० मध्ये मुलांना खेळात जिंकलेल्यातून दान देणारी आणि न देणारी मोठी माणसं दाखवली. कुणी दानाचा उपदेश करत होतं, कुणी हावरेपणाचा. मुलांनी किती दिलं हे मोठ्या माणसाने काय केलं यावर ठरलं, तो काय बोलला यावर ठरलं नाही. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २०१० मध्ये शाळांतल्या सात चारित्र्यघडण कार्यक्रमांची मोठी तपासणी प्रसिद्ध केली. एकंदरीत मुलांच्या वागण्यावर परिणाम दिसला नाही. याच गोष्टीवर आपण आठवड्याचा एक तास खर्च करतो आहोत.

मधल्या सुट्टीबद्दल थोडंच लिहिते. ती कमी केल्यापासून मुलं डबा संपवून धावतपळत येतात. भांडण झालं तर ते मिटायच्या आत घंटा होते आणि ते तसंच वर्गात येतं. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन यांनी १९७३ मध्ये धर्मशास्त्राच्या प्रौढ विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता. वाटेत विव्हळत पडलेल्या माणसाला, ज्यांना उशीर झाल्याचं सांगितलं होतं त्यांच्यातल्या फक्त १० टक्क्यांनी मदत केली. ज्यांच्या हाताशी वेळ होता त्यांच्यातल्या ६३ टक्क्यांनी केली. त्यांतले काही तर जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या माणसाच्या दाखल्यावरच बोलायला निघाले होते. मोठ्यांचं घाईत असं होतं, तर लहानांकडून वेगळी अपेक्षा कशी ठेवायची?

सक्तीच्या दानाचंही तसंच. दर महिन्याला प्रत्येकाने एक वस्तू आणायची, फोटो काढायचा, न आणल्यास स्टार नाही. नादिया चेर्न्याक आणि तमार कुशनिर यांनी २०१३ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांना उदास बाहुल्याला स्टिकर द्यायची संधी दिली. काहींना ‘तुझ्याकडे ठेव किंवा त्याला दे’ अशी निवड दिली, काहींना द्यायलाच लावलं. पुढच्या वेळी दुसऱ्या बाहुल्याला जास्त दिलं ते स्वतःहून निवड केलेल्या मुलांनी. मूल स्वतःहून देतं तेव्हा आपण देणारे आहोत हे त्याला कळतं. फोटोसाठी देणाऱ्या मुलाला काय कळत असेल, याचा आपण विचार करावा.

मुलं जन्मतःच संत असतात असा माझा दावा नाही, आणि या विषयावर भाबडं लिहिलेलं मलाही आवडत नाही. सहा महिन्यांच्या बाळांना भला-बुरा कळतो, असं २००७ च्या एका गाजलेल्या प्रयोगाच्या आधारे सांगितलं जातं. पण पुढे अनेक प्रयोगशाळांनी मिळून तो पुन्हा केला तेव्हा तसा कल दिसला नाही, म्हणून मी त्याचा आधार घेत नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला निम्मं द्यायला हवं हे कळतं, पण प्रत्यक्षात ते स्वतःकडे जास्त ठेवतं. सात-आठ वर्षांपर्यंत बोलणं आणि करणं जवळ येतं. आणि २०१५ मध्ये भारतासह सात देशांतल्या समाजांतल्या मुलांच्या ८६६ जोड्यांवर झालेल्या अभ्यासात असं आढळलं, की आपल्याला कमी मिळालेलं सगळीकडच्या मुलांना खटकतं. पण आपल्याला जास्त मिळतं आहे म्हणून वाटणी नाकारणं फक्त तीन ठिकाणच्या मोठ्या मुलांमध्ये दिसलं. स्वतःच्या फायद्याविरुद्ध उभं राहणं हे सगळीकडे आपोआप उगवत नाही. ते भोवतालावर अवलंबून असतं. माझ्या वर्गातल्या मुलांचा दिवसाचा बराच मोठा भोवताल म्हणजे शाळा, आणि शाळा कशी असावी हे ठरवणं आपल्या हातात आहे. म्हणून मी हे इतक्या आग्रहाने लिहिते आहे.

तक्त्याच्या बाजूने दोन मुद्दे मांडले जातात. पहिला, पहिल्या महिन्यांत वर्गातली गडबड कमी झाली. झाली, हे मी मान्य करते. पण शांत वर्ग आणि विचार करणारा वर्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आता तीच मुलं माझी पाठ वळली की आधी तक्त्याकडे पाहतात, मग एकमेकांकडे. दुसरा मुद्दा असा, की दांडगाई करणाऱ्या मुलाला काहीतरी धाक हवा. अशा मुलापासून इतरांना वाचवायलाच हवं, त्यात कुचराई नको. पण माझ्या वर्गातल्या ज्या मुलाचे स्टार शून्याच्या खाली गेले आहेत, त्याने आता प्रयत्नच सोडला आहे. ‘मी तर वाईटच आहे ना, बाई’ असं तो परवा म्हणाला, आणि सगळ्या वर्गाला ते भिंतीवर वाचता येत होतं.

माझ्या मागण्या अशा आहेत.

१. चांगुलपणाचा तक्ता सगळ्या वर्गांतून काढावा. महिन्याचा बिल्ला बंद करावा.

२. मुलांच्या स्वभावाची कोणतीही अशी मोजदाद प्रगतिपुस्तकात येऊ नये. आतापर्यंतच्या नोंदी रद्द कराव्यात. वर्षअखेरची वाट पाहू नये.

३. आठवड्याची वर्गसभा त्याच तासाला पूर्ववत सुरू करावी. त्या तासाला परीक्षा, सराव किंवा कार्यक्रम ठेवू नयेत. वर्गाच्या ज्या नियमांवर मुलं ठरवू शकतात ते नियम त्यांच्यावर सोपवावेत, आणि मुलांनी ठरवलेलं शिक्षकांनीही पाळावं.

४. मधली सुट्टी पहिल्याइतकी करावी.

५. दान ऐच्छिक असावं, आणि त्याचे फोटो काढू नयेत.

६. व्याख्यानांवर होणारा खर्च शिक्षकांच्या प्रशिक्षणावर करावा: भांडण कसं सोडवून द्यायचं, चूक झालेल्या मुलाशी कसं बोलायचं, चर्चा चालवताना स्वतः गप्प कसं राहायचं. हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही आणि शिकायची आमची तयारी आहे.

७. मारहाण आणि छळ यांसाठी वेगळी, स्पष्ट कार्यपद्धती ठरवावी. ज्याला त्रास झाला त्याचं आधी ऐकावं, त्रास देणाऱ्याच्या पालकांना बोलवावं, आणि झालेलं नुकसान भरून काढण्यात त्या मुलाला सहभागी करून घ्यावं. हे भिंतीवर जाहीर होऊ नये.

यांतल्या बहुतेक मागण्यांना पैसे लागत नाहीत. तिसऱ्या आणि चौथ्या मागणीला वेळापत्रक बदलावं लागेल. ते करायला मी आणि माझे काही सहकारी शाळा सुटल्यावर थांबायला तयार आहोत.

पालकांनाही एक विनंती आहे. घरी मूल आल्यावर ‘आज किती स्टार मिळाले?’ असं विचारू नका. आज वर्गात कशावरून वाद झाला आणि तुला त्यात काय वाटलं, असं विचारा. उत्तर पटलं नाही तरी लगेच दुरुस्त करू नका. ‘असं का वाटतं?’ एवढंच पुढे विचारा. आणि व्यवस्थापनाने ‘पालक खूश आहेत’ असं पुन्हा म्हटलं, तर ते खरं आहे की नाही हे सभेत उभं राहून सांगा.

व्यवस्थापनाने पुढच्या पालकसभेच्या आधी शिक्षकांची बैठक बोलवावी आणि या सात मागण्यांवर एकेक करून लेखी उत्तर द्यावं, अशी माझी विनंती आहे. जी मागणी मान्य होणार नाही तिचं कारणही लिहावं. ते कारण मी माझ्या वर्गाला वाचून दाखवणार आहे आणि त्यावर मुलांचं काय म्हणणं आहे, ते आपल्याला कळवणार आहे.

आपली विश्वासू,
तिसरीची एक वर्गशिक्षिका